मदत हवी आहे: लाईट जाते अन् दोन तासांचं विश्व वाया
मंडळी, मी लातूरचा. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी घरच्या 8 जीबी लॅपटॉपवर गॅजेट-4 (विश्वाची जडणघडण कॉम्प्युटरवर उभी करणारा प्रोग्राम) चालवतोय. फक्त डार्क मॅटर (न दिसणारं, गुरुत्वाकर्षणानंच जाणवणारं द्रव्य), 128 चा घन म्हणजे जवळपास 21 लाख कण. (2005 च्या मिलेनियम या मोठ्या सिम्युलेशनमध्ये हजार कोटी होते, आपलं आपल्यापुरतं!) रेडशिफ्ट 3 पर्यंत (म्हणजे विश्व साधारण दोनशे कोटी वर्षांचं होईपर्यंत) मस्त चालतं, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसायला लागतात. पुढं डार्क मॅटरच्या गाठी (हेलो) घट्ट झाल्या की टाइमस्टेप, म्हणजे गणित एका वेळी जेवढा काळ पुढं सरकतं तो टप्पा, बारीक होत जातो अन् रन रांगायला लागतो. तेवढ्यात लाईट जाते. बॅटरी तर कधीचीच मेलेली. रीस्टार्ट फाइल (जिच्यावरून रन थांबला तिथून पुन्हा सुरू करता येतो) दर दोन तासांनी पडते. ती पंधरा मिनिटांवर आणली तर रन फार मंदावेल का? शिवाय सॉफ्टनिंग (ज्या अंतराच्या आत कणांमधलं गुरुत्वाकर्षण मुद्दाम सौम्य करतात ते) कणांमधल्या सरासरी अंतराच्या शंभराव्या भागाएवढं ठेवलंय. तिसाव्यावर नेलं तर छोटे हेलो बिघडतील का? कुणी करून बघितलंय?