मदत हवी आहे: सुपीरियर सरोवराच्या पाण्याचा हिशेब

नमस्कार मंडळी,

उत्तर अमेरिकेतलं सुपीरियर आणि रशियातलं बैकाल या सरोवरांचा पाण्याचा ताळेबंद मांडतोय. सुपीरियर पसरट: ८२,१०० चौ. किमी, खोली जास्तीत जास्त ४०६ मीटर. बैकाल म्हणजे जमिनीतली उभी भेगच. क्षेत्रफळ निम्म्याहून कमी, खोली १,६४२ मीटर आणि पाणी जवळपास दुप्पट! इथवर ठीक.

घोडं अडलंय बाष्पीभवनावर. मी आपला जुलै-ऑगस्टच्या रकान्यात सगळ्यात मोठा आकडा टाकून मोकळा झालो होतो. वाचलं तर सुपीरियरवर ते शरदाच्या अखेरीस आणि हिवाळ्यात सर्वाधिक. उन्हाळाभर तापलेल्या पाण्यावरून थंड, कोरडा वारा सुटला की वाफ उठते, हे पटलं. पण अर्धं सरोवर गोठल्यावर काय? बाष्पीभवन फक्त उघड्या पाण्यापुरतं धरायचं का? कुणी असं गणित केलंय?