कोकणातल्या आवाजांत परवडणारे एएनसी हेडफोन: अनुभव लिहा

दहा हजारांच्या आत, रोजच्या वापराचे, बाहेरचा आवाज कापणारे (एएनसी, म्हणजे ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशनवाले) हेडफोन किंवा बड्स घ्यायचे तर काय बघावं, हे इथल्या हवेत ते वापरणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी लिहावं. नुसतं 'मस्त आहे, डोळे मिटून घ्या' नको. कुठला आवाज जातो, कुठला राहतो आणि काय बिघडतं ते लिहा.

चिपळूण, मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान

आधी खोका नीट वाचा. ईएनसी आणि एएनसी यांत एका अक्षराचा फरक आहे, पण कामं वेगवेगळी. ईएनसी म्हणजे तुम्ही फोनवर बोलताना समोरच्याला मागचा गोंगाट कमी ऐकू जावा यासाठी माईकवर केलेली सफाई. तुमच्या कानात शिरणारा आवाज त्याने तसूभरही कमी होत नाही. हजाराच्या आतल्या बहुतेक बड्समध्ये ईएनसीच असतं, आणि खोक्यावर 'नॉइज कॅन्सलेशन' मोठं छापून मागचा-पुढचा शब्द बारीक केलेला असतो. (त्यात 'नॉइज' नावाची कंपनीही आहे, त्यामुळे काउंटरवर रोज गोंधळ.) खरं एएनसी साधारण दीड-दोन हजारांपासून सुरू होतं.

खोक्यावरच्या '५० डीबीपर्यंत' (डीबी म्हणजे डेसिबल, किती आवाज कापतो ते) या आकड्यावर जाऊ नका. तो एखाद्याच वारंवारतेवर मिळालेला सर्वांत चांगला आकडा असतो, आणि प्रत्येक कंपनीची मोजायची रीत वेगळी. ३२ वाला ४५ वाल्यापेक्षा शांत निघू शकतो. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक खोक्यावर नसेल तर तो माल घेऊच नका.

कणकवली, साउंड सिस्टीमचं काम

एएनसीचं तंत्र कळलं की निम्मे प्रश्न सुटतात. बाहेरचा माईक आवाज टिपतो, चिप त्याची उलटी लाट तयार करते आणि स्पीकर ती कानात सोडतो. मूळ आवाज आणि उलटी लाट कानाशी एकाच वेळी पोचल्या तर एकमेकींना मारतात. खर्जाच्या लाटा लांब असतात, त्यामुळे थोडा उशीर झाला तरी जमून जातं. वरच्या पट्टीत तेवढाच उशीर सगळं बिघडवतो. म्हणून साधारण १००० हर्ट्झच्या खाली एएनसी चालतं आणि त्याच्या वर कानातलं रबर किंवा गादी जेवढं अडवेल तेवढंच. बाहेर एक आणि कानाच्या बाजूला एक असे दोन्हीकडे माईक असतील तर त्याला हायब्रिड म्हणतात. एकाच माईकवाल्यापेक्षा हे घ्या.

आता इथले आवाज. पंपाची घरघर, जनरेटर, एसी डब्याचा घुमारा हे बरंच जातं. पत्र्यावरचा पाऊस जवळजवळ जात नाही, कारण तो सगळ्या पट्ट्यांत पसरलेला सळसळाट आहे. जुलैत पत्र्याच्या पडवीत बसून 'एएनसी खराब आहे' म्हणणाऱ्यांनी आधी रबर बदलून बघावं. शिमग्याच्या ढोलाचा खर्ज थोडा दबतो, ताशा मात्र तसाच टोचतो. शेजारच्यांचं बोलणं, कुकरची शिट्टी, मिक्सरचा किंचाळा राहणारच.

कोकण रेल्वेचं विचारणारे बरेच असतात. उक्षी ते भोके दरम्यान करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. बोगद्यात रुळांचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि खर्जाबरोबर खडखडाटही वाढतो. एसी डब्यात खिडक्या बंद असल्याने फरक लगेच जाणवतो. स्लीपरच्या उघड्या खिडकीशी वारा आणि किंचाळा दोन्ही येतात, तिथे कुठलंही स्वस्त एएनसी अपुरंच पडतं.

बसणी तपासायची रीत: बड्स घालून फोनवरून त्यांत ६० ते १०० हर्ट्झचा सलग सूर लावा आणि बड बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर सूर ठळक झाला तर रबर छोटं आहे किंवा कानात नीट वळवून बसलेलं नाही. सोबतचे तिन्ही माप दोन्ही कानांत वेगवेगळे लावून बघा. उजव्या कानात मध्यम आणि डाव्यात मोठं लागणं अगदी नेहमीचं आहे. कानातला रबराचा शेंडा नसलेले, नुसते अडकवायचे बड्स एएनसीसाठी घेऊ नयेत.

अलिबाग, मांडव्याहून बोटीने जाणं-येणं

बोटीच्या इंजिनाची एकसुरी घरघर हे एएनसीचं हक्काचं गिऱ्हाईक. खाली केबिनमध्ये बसलात तर दोन हजारांचे बड्सही पुरतात. वर डेकवर नाही. वारा बाहेरच्या माईकवर थेट आपटतो, चिप त्याला आवाज समजून उलटी लाट करते आणि कानात भुसभुस, धपधप सुरू होतं. ॲपमध्ये 'विंड नॉइज रिडक्शन' असेल तर चालू करा, नसेल तर डेकवर एएनसी बंदच ठेवा. बोट जेटीला लागताना दोन्ही कान मोकळे हवेत, तिथे ट्रान्सपरन्सी मोडवर (माईकमधून बाहेरचं ऐकवणारी सोय) विसंबू नका.

देवगड, घरून फोनवरचं काम

आठ तास कानावर ठेवायचे असतील तर बड्सपेक्षा कानभर येणारे बरे, पण वजन बघा. सोनी डब्ल्यूएच-सीएच७२०एन १९२ ग्रॅमचा आहे आणि एएनसी चालू ठेवून ३५ तास चालतो असं कंपनी सांगते. साउंडकोर क्यू२०आय ४० तास, जेबीएल ट्यून ७७०एनसी ४४ तास. लाईट जाण्याचा इथला हिशेब धरला तर हे आकडे कामाचे आहेत. वायर लावल्यावर एएनसी चालतं का आणि चार्जिंगला लावून वापरता येतो का, हे मॉडेलनुसार बदलतं, घेण्याआधी विचारा.

चष्म्याची जाड काडी गादीखाली फट पाडते आणि तिथून खर्ज आत येतो. बारीक धातूच्या काडीने हे कमी होतं. पंख्याचा वारा थेट अंगावर असेल तर माईकवर डेकवरचाच प्रकार छोट्या प्रमाणात होतो. खुर्ची दोन फूट सरकवा. लॅपटॉप आणि फोन एकाच वेळी जोडायचे असतील तर 'मल्टिपॉइंट' आहे ना ते बघून घ्या.

गुहागर, दुरुस्ती

आवाजाबद्दल वर सगळं आलंय, मी हवेबद्दल सांगतो. कानभर येणाऱ्या हेडफोनच्या गादीवरचं काळं आवरण पॉलियुरेथेनचं असतं. दमट हवा आणि घाम यांनी ते विघटित होऊन पापुद्रे निघतात, मग न वापरता कपाटात ठेवलं तरी. म्हणून मॉडेल घेतानाच त्याच्या सुट्ट्या गाद्या बाजारात मिळतात का ते बघा. क्लिपने निघणाऱ्या गाद्या घरी बदलता येतात, चिकटवलेल्या नाही.

बड्समध्ये पहिला बळी चार्जिंगच्या पिना. खारा वारा आणि घाम साचून त्यांवर हिरवट थर येतो, मग एक बाजू चार्ज होत नाही आणि लोक बॅटरी गेली म्हणतात. कान साफ करायच्या काडीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोलची अगदी थोडी ओल देऊन बडच्या आणि डबीच्या पिना पुसा, वाळू द्या, मग डबी बंद करा. आयपीएक्स४ म्हणजे गोड्या पाण्याचे शिंतोडे चालतील. समुद्राचं पाणी त्या चाचणीत नसतं, आणि डबीला बहुतेक वेळा कुठलंच रेटिंग नसतं. ओले बड्स डबीत ठेवले की संपलं.

पावसाळ्यात रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. तांदळात पुरून ठेवू नका, पीठ जाळीत जातं.

एका बाजूचं एएनसी कमी वाटलं तर आधी जाळी बघा. मळ बसला की आतल्या माईकला कानातलं ऐकू येत नाही आणि उलटी लाट चुकीची तयार होते, कधी शिट्टीही वाजते. कोरड्या मऊ ब्रशने, जाळी खाली धरून झाडा. टाचणी घालाल तर जाळी फाटेल.

लांजा, एसटीने घाटातून जाणं-येणं

इंजिन दबतं, खिडक्यांचा खडखडाट नाही. आंबा घाट उतरताना कानात दडा बसतो, बड घट्ट असेल तर जास्त. एक बड काढून आवंढा गिळा, मग बड परत घाला. सपाटीवरही एएनसी लावताच कान दडपल्यासारखे वाटत असतील तर ॲपमध्ये पातळी कमी करा, बहुतेकांना तेवढ्याने बरं वाटतं.

वेंगुर्ला, बर्फाच्या कारखान्याशी संबंधित

कॉम्प्रेसरजवळ, काजूच्या यंत्राजवळ किंवा ट्रॉलरच्या इंजिनरूममध्ये हे कानाचं संरक्षण म्हणून वापरू नये. तिथे एनआरआर किंवा एसएनआर (आवाज किती अडतो त्याचं माप) आकडा छापलेले इअरमफ लागतात.

रत्नागिरी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास

गाणी नकोत, फक्त शांतता हवी असेल तर आधी मेडिकलमधले फोमचे इअरप्लग वापरून बघा. चिमटीत बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरायचं. बोलण्याचा आवाज ते स्वस्त एएनसीपेक्षा जास्त अडवतात. एएनसी घेतलंत तर फायदा एवढाच, की बाहेरचा गोंगाट दाबायला आवाज चढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी मर्यादा दिली आहे. बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये आवाजावर कमाल मर्यादा घालता येते.

चिपळूण, वरचेच दुकान

एक राहिलं. ऑनलाईन घेताना वॉरंटीसाठी पिकअप तुमच्या पिनकोडवर आहे का ते कंपनीच्या साईटवर आधी टाकून बघा. तालुक्याच्या गावी असतं, पुढच्या वाडीला नसतं. पाणी गेलेलं वॉरंटीत धरत नाहीत. आणि वस्तू परत करायची मुदत संपायच्या आत, घरी नव्हे, तुमच्या रोजच्या गाडीत किंवा बोटीत लावून बघा.