कोकणात हिवाळ्यात ढालकिडे कुठे शोधावेत?

प्रश्न (अलिबाग):
थंड देशांत ढालकिडे, म्हणजेच लेडीबर्ड, हिवाळ्यात सालीच्या फटींत, पालापाचोळ्यात किंवा खिडक्यांच्या चौकटींत घोळक्याने निपचित पडून राहतात, असे वाचनात आले. शाळेतील मुलांना असा एखादा घोळका दाखवण्याच्या हेतूने आंबा-फणसाच्या साली आणि गडग्याखालचा पाचोळा पाहिला. पण मुंग्या आणि कोळी यांपलीकडे काही आढळले नाही. शोधण्याची जागा कोणती असावी?

उत्तर (दापोली):
थंड प्रदेशात दिवस लहान होऊन मावा (ढालकिड्यांचे खाद्य असलेली, झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) संपला की हे किडे प्रजनन थांबवतात आणि शरीरात साठवलेल्या चरबीवर वसंतापर्यंत तग धरतात. आपल्या किनाऱ्यावर परिस्थिती नेमकी उलटी आहे, कारण भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर घेतलेल्या वाल-चवळीवर मावा याच दिवसांत चढतो आणि त्यामागोमाग ढालकिडेही येतात. तेव्हा निजलेला घोळका शोधण्यापेक्षा आपण मुलांना थेट वालाच्या शेतात न्यावे. ज्या कोवळ्या शेंड्यांवर मुंग्यांची ये-जा दिसेल, तिथे मावा असण्याचा संभव अधिक. पाठीवर नागमोडी काळ्या रेघा असलेली केशरी-पिवळी जात तिथे सहसा भेटते. पानाच्या मागे उभी मांडलेली पिवळी अंडी, इवल्याशा मगरीसारखी दिसणारी काळपट अळी आणि पानाला चिकटलेला कोषही पाहावा. अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास साधारण दोन-तीन आठवड्यांचा असल्यामुळे या साऱ्या अवस्था एकाच वाफ्यात सापडू शकतात. मुलांच्या दृष्टीने निपचित घोळक्यापेक्षा हे पाहणे अधिक मोलाचे, असे मला वाटते.

उत्तर (गुहागर):
दहिवर सुकल्यावर, पण ऊन तापण्यापूर्वी जावे. पांढरी छत्री उलटी धरून फांदी हलकेच झटकली की किडे आत पडतात. ते मेल्याचे सोंग घेतात आणि पायांच्या सांध्यांतून पिवळा, कडवट द्रव सोडतात; मुलांना याची आधीच कल्पना द्यावी. माडावर खवले कीड असल्यास काळे, चकचकीत, बिनठिपक्यांचे ढालकिडेही दिसतात. तुडतुड्यांसाठी फवारणी झालेल्या मोहोराच्या बागेत मात्र वेळ घालवू नये.

उत्तर (रोहा):
एक पुरवणी. वांग्यावर किंवा कारल्यावर २८ ठिपक्यांचा, मळकट तांबूस आणि बारीक लव असलेला किडा दिसला, तर तो याच कुळातला असला तरी पानेच खातो आणि खरवडून त्यांची जाळी करतो. आमच्याकडे पुष्कळजण या एकाच्या रागापोटी सगळेच ठिपकेवाले किडे चिरडतात, म्हणून मुलांना दोन्ही शेजारी ठेवून दाखवावेत.