मदत हवी आहे: अर्जात नेमका कुठला एच-इंडेक्स लिहू?

बढतीच्या अर्जात एच-इंडेक्ससाठी एकच चौकट आहे, खाली खुलाशाला पाच ओळी. (एच-इंडेक्स १९ म्हणजे किमान १९ उद्धरणं, म्हणजे दुसऱ्या लेखांच्या संदर्भसूचीतल्या नोंदी, मिळालेले १९ लेख.) माझा विषय कीटकांची पारिस्थितिकी, मुख्यतः शेणकिडे. गूगल स्कॉलरवर आकडा १९ येतो, स्कोपसवर १३. उद्धरणं मोजणारा तिसरा डेटाबेस, वेब ऑफ सायन्स, आमच्याकडे नाही.

फरक का पडतो ते माहीत आहे. स्कॉलर प्रबंध, अहवाल, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच टाकलेले लेख) सगळंच धरतं. तिथल्या दुहेरी नोंदी एकत्र केल्या, नामसाधर्म्यामुळे चिकटलेले दंतवैद्यकावरचे दोन लेख काढले. स्कोपसवरची माझी दोन प्रोफाइल जोडून घेतली आणि ऑर्किडशी (फूल नव्हे, संशोधकाचा ओळखक्रमांक) जुळवली. स्वतःची उद्धरणं वगळली तर स्कोपसचा आकडा ११ वर येतो.

खरी अडचण वेगळीच आहे. सर्वाधिक उद्धरणं मिळालेला लेख पन्नासहून जास्त लेखकांचा आहे. त्यात माझं काम सापळ्यांतले किडे ओळखून मोजण्यापुरतं. उलट मी एकटीने केलेली प्रजाती ओळखण्याची किल्ली (लक्षणं टप्प्याटप्प्याने तपासत नावापर्यंत नेणारी यादी) लोक सर्रास वापरतात, पण ‘किडे किल्लीवरून ओळखले’ एवढंच लिहून मोकळे होतात. संदर्भसूचीत नाव नाही, म्हणजे उद्धरण शून्य!

एच-इंडेक्स मुळात चांगला की वाईट हा वाद इथे नको. चौकट रिकामी ठेवता येत नाही. निवड समितीत बसलेल्या किंवा असा अर्ज भरलेल्या कुणी सांगाल का: १९, १३ की ११ लिहू? आणि त्या किल्लीचा वापर पाच ओळींत पुराव्यानिशी कसा दाखवू?