नस्ती, धारिका की दप्तर?

पाऊलवाट: आमच्या चित्रपट मंडळाच्या पत्रकात क्लिंट ईस्टवूडच्या ‘जे. एडगर’वर (२०११) लिहितेय. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेचा प्रमुख हूव्हर गेल्यावर त्याची सेक्रेटरी हेलन गँडी यंत्रात कागद घालून चिंध्या करते, तो प्रसंग. मी लिहिलं, ‘गँडीने गुप्त नस्त्या नष्ट केल्या.’ बहीण म्हणाली, ‘नसत्या काय? उठाठेवी?’ मग काय लिहू? फाइल, धारिका की दप्तर?

जुना कारकून: नस्तीच लिहा ताई. डावीकडे टिपणी, उजवीकडे पत्रव्यवहार, कोपऱ्याला भोक पाडून नाडी ओवलेली, ती नस्ती. आमचे हेडक्लार्क सांगायचे, नस्ती म्हणजे नत्थी, ओवलेलं.

तळटीप: हेडक्लार्कांचा मान राखून सांगतो, हस्तचा हत्थ होतो, मग हात. ‘स्त’चा ‘त्थ’ होतो, उलट नाही.

जुना कारकून: मग संस्कृत दिसावा म्हणून कुणी मुद्दाम उलटा फिरवला असेल. शासकीय मराठीत असं झालंय.

रुमाल: दप्तर का नको? पेशवे दप्तरातले मोडी कागद आजही कापडात बांधलेले असतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. सोडला की जुन्या कापडाचा वास हाताला राहतो.

स्वभाषा: दप्तर फारसी, फाइल इंग्रजी. धारिका आपली आहे, वापरली की रुळेल.

रुमाल: तीनशे वर्षं वापरलेला शब्द आपला नाही, तर कुणाचा?

मोरपीस: अहो, अडचण विशेषणात आहे. हूव्हर १९२४पासून २ मे १९७२ला मरेपर्यंत खुर्चीत होता. त्याच्या कचेरीत एक संच ‘कार्यालयीन व गोपनीय’, दुसरा ‘खासगी’. पहिला शाबूत राहिला. दुसरा गँडीने नष्ट केला आणि १९७५मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की त्यात कचेरीचं काहीच नव्हतं. सगळा वाद त्या ‘खासगी’वर आहे. तुम्ही ‘गुप्त’ लिहिलंत की तोच निसटतो. आपल्याकडे होळकरांची खासगी, म्हणजे घराण्याची मिळकत वेगळी, दौलत म्हणजे राज्य वेगळं. खासगीचा पैसा सरकारी खजिन्यात मिसळत नसे. खासगी म्हटलं की दुसऱ्याने हिशेब मागायचा नाही. ४८ वर्षं खुर्चीवर बसलेल्या माणसाने कागदांवर हाच शब्द लिहिला, त्याचा मला अजून राग येतो.

तळटीप: होळकरांचा दाखला चोख. मूळ ‘खास’, म्हणून खासगीच. खाजगी अशुद्ध.

पाऊलवाट: ‘खासगी’ घेते, मनापासून आभार. पण पुढे नस्त्या की फायली?

जुना कारकून: खाजगी अशुद्ध कशी? माझी आजी माजघराचं दार लोटून ‘जरा खाजगीत ये’ म्हणायची. शाळेत गेली नव्हती ती, पण तिची मराठी अशुद्ध नव्हती.

तळटीप: बोलताना चालेल. छापताना नाही.

मोरपीस: मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात बघा कुणीतरी.