अनुभव धागा: पाचगणीची न्यू एरा, बहाई शाळेतले दिवस

पाचगणी म्हटलं की गप्पा क्वीन बँडच्या गायकावर, फ्रेडी मर्क्युरीवर जातात, म्हणून आधीच सांगतो: तो इथल्या सेंट पीटर्स शाळेचा. हा धागा न्यू एराचा. भारतातल्या बहाई समाजाने १९४५ साली मूठभर मुलांना घेऊन सुरू केलेली ही निवासी शाळा. बहाई धर्म मूळ इराणचा, पण तिथे तेहरानमधली बहाईंची तरबियत शाळा सरकारने १९३४ मध्येच बंद पाडली होती. निमित्त काय, तर बहाई सणाला सुट्टी दिली! इथे शिकलेल्यांनी, शिकवलेल्यांनी, भाजी पोचवलेल्यांनीसुद्धा लिहा.

माजी विद्यार्थी, नाशिक
मार्च म्हणजे उपवास. पंधरा पूर्ण झालेली बहाई मुलं एकोणीस दिवस सूर्योदय ते सूर्यास्त काही खायची नाहीत, पाणीसुद्धा नाही. मग २१ मार्चला नवरोज, म्हणजे नवं वर्ष. पहाटे अंधारात मेसचे दिवे लागायचे. आम्ही बिनउपवासवालेही डोळे चोळत हजर, कारण त्या वेळी अंडी मिळायची. आमच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि वर दाण्याची आमटी असते, हे ऐकून माझा इराणी रूममेट पोट धरून हसला होता. "याला उपवास म्हणतात?"

पालक, वाई
सासूबाईंचा ठाम विरोध. "पोरीला बाटवतील." मी जाऊन स्पष्टच विचारलं. कळलं की बहाईंमध्ये भटजी नाही, मौलवी नाही, आणि घरच्या मुलांनीसुद्धा पंधराव्या वर्षी आपलं आपण ठरवायचं असतं. कृष्ण, बुद्ध, येशू, महंमद सगळे एकाच रांगेतले. दिवाळीत मुलगी आली ती शुभंकरोतीच्या पाठोपाठ देवा, मला उजळ दिवा कर, चमकता तारा कर, असं इंग्रजीत म्हणायला लागली. सासूबाई क्षणभर थांबल्या. "दिव्याचंच आहे ना? म्हणू दे."

पुण्यात स्थायिक, मूळ इराणची
१९७९ नंतर आमच्या लोकांना तिकडे विद्यापीठाची दारं बंद झाली. घरी "अल्लाहू अभा", म्हणजे आमचा बहाईंचा नमस्कार, हळू आवाजात म्हणायचो, खिडकी लावून. इथे व्हरांड्यात कुणीही कुणालाही मोठ्यानं म्हणायचं. स्वयंपाकघरातल्या मावशी तर एका दमात, "अल्लाहू अभा, जेवलीस का गं?" माझं मराठी तिथलंच, म्हणून थोडं साताऱ्याचं आहे. चालवून घ्या.

माजी विद्यार्थी, मुंबई
साखर जरा कमी करा मंडळी. सल्लामसलतीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? कुणी कुणाची उशी फाडली तरी बसा गोल करून. बहाई पद्धत अशी की मत एकदा मांडलं की ते तुमचं राहत नाही, सगळ्यांचं होतं. मग त्यासाठी भांडायचं नाही. शाळा निवासी, त्यामुळे गोलातून निसटायला जागाच नसायची. त्यापेक्षा दोन रट्टे परवडले, असं तेव्हा वाटायचं. आता सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हेच करून बघतो. पाण्याच्या टाकीचा प्रश्न त्यातून सुटला. पार्किंगचा नाही.