मराठी माध्यमाच्या मुलांचं इंग्रजी वाचन-लेखन: फोन-टॅबवरून काय करता येईल? (दिघा-ऐरोली)

दिघ्याची_ताई
नमस्कार. आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात मी संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते. पाचवी ते सातवी, सगळी मराठी माध्यमाची. पहिलीपासून इंग्रजी आहे, कविता तोंडपाठ आहेत, फळ्यावरचं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतात. पण कधी न पाहिलेलं वाक्य समोर ठेवलं की गप्प. मनाने दोन ओळी लिहा म्हटलं की एकमेकांच्या वहीत डोकावतात.

इथे वाय-फाय नाही. माझा फोन आणि एक जुना टॅब, एवढंच. मुलांच्या घरी फोन आहे, पण बाबा कामावरून आले की मगच हातात येतो. पैसे भरायचं अ‍ॅप नको. वाचन आणि लेखन दोन्हींसाठी काय वापरू? ज्यांनी मुलांसोबत बसून वापरलंय त्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.

घणसोलीकर
ताई, गूगलचं रीड अलाँग घ्या. फुकट आहे, आणि गोष्टी एकदा उतरवून ठेवल्या की नेट लागत नाही. मूल मोठ्याने वाचतं, अ‍ॅप ऐकतं. अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की त्यातली दिया नावाची मदतनीस तो शब्द म्हणून दाखवते. मराठी गोष्टीही आहेत. सुरुवातीला त्याच द्या, फोनसमोर मोठ्याने वाचायची भीड चेपते. फक्त एका खोलीत चौघं एकदम वाचायला लागली की कोणाचा आवाज कोणता हे त्याला कळत नाही. एकेकाला बाहेर ओट्यावर बसवा.

नौपाड्याच्या_बाई
ताई, अ‍ॅप उघडण्याआधी मुलं नेमकी कुठे अडतात ते ऐका. मी ठाण्यात बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यावरून सांगते.

आपल्या मुलांच्या डोळ्यांना इंग्रजी अक्षरांची सवय होते ती पुष्कळदा स्टेशनच्या पाट्यांवर. ठाणे, रबाळे, तुर्भे. इंग्रजीत लिहिताना तिन्हींच्या शेवटी 'ई' हे अक्षर येतं आणि तिन्हींत ते म्हटलं जातं. तेच मूल एम-ए-डी-ई समोर आलं की 'माडे' वाचतं. ठाण्याच्या 'टी-एच'ला ठ म्हणतो, म्हणून 'थिंक'चंही ठिंक होतं. मुलाने डोकं लावलेलं असतं, त्याला माहीत असलेला नियम इथे चालत नाही एवढंच. मराठीत बहुतेक ठिकाणी लिहिलं तसं वाचता येतं. इंग्रजीत २६ अक्षरांवर चाळीसहून जास्त ध्वनी भागवायचे असतात. हे मुलांना मोकळेपणी सांगा, 'आपण ढ आहोत' हे त्यांच्या मनातून आधी जायला हवं.

मग जोड्या द्या. एम-ए-डी आणि एम-ए-डी-ई. के-आय-टी आणि के-आय-टी-ई. एच-ओ-पी आणि एच-ओ-पी-ई. टॅबवर मोठ्या अक्षरात लिहा, शेवटच्या 'ई'वर बोट ठेवून झाका, वाचून घ्या, बोट उचला, पुन्हा वाचून घ्या. मॅड-मेड, किट-काइट, हॉप-होप. शेवटचं 'ई' स्वतः गप्प बसतं आणि आधीच्या स्वराचा उच्चार बदलतं, हे मुलांना हातानेच कळतं. एच-ए-व्ही-ई सारखे अपवाद निघतील, ते वेगळ्या पानावर लिहून ठेवा.

यानंतर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, मुलांच्या गोष्टींची वेबसाइट. गोष्टींना चार पातळ्या आहेत. सातवीच्या मुलालाही पहिल्या पातळीपासूनच सुरू करा. परवाना खुला आहे, म्हणजे गोष्ट उतरवून छापून वाटली तरी चालतं. बऱ्याच गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे सापडतात. आधी मराठी वाचून घ्या. अर्थ कळलेला असला की इंग्रजी वाचताना सगळं लक्ष अक्षरांकडे देता येतं.

कळवा_पूर्व
माझं मत वेगळं आहे. मुलांच्या हातात आधीच फोन पुरेसा आहे, त्यात अभ्यासाचं निमित्त कशाला? छापील पुस्तकं द्या.

नौपाड्याच्या_बाई
दादा, पुस्तक हातात असावं हे अगदी मान्य, म्हणून तर छापा म्हटलं. पण घरात इंग्रजी वाचून दाखवणारं कोणी नसेल तर अडलेला शब्द अडलेलाच राहतो. फोन तेवढ्यापुरता.

मुलुंड_ठाणे_वारी
यूट्यूबवर छोटी इंग्रजी गोष्ट लावा, खाली इंग्रजीच अक्षरं ठेवा, वेग ०.७५ करा. ऐकलेल्याच भाषेतली ओळ खाली धावली की डोळे आपोआप वाचतात. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारींनी १९९६ मध्ये टीव्हीवरच्या गाण्यांसाठी हीच कल्पना मांडली होती. यंत्राने आपोआप टाकलेली अक्षरं मात्र टाळा, त्यात चुका असतात.

दिघ्याची_ताई
वाचनाचं चित्र आता स्पष्ट झालं, सगळ्यांचे आभार. पाट्यांचं तर उद्याच करून बघते. लेखनाचं कोणी सांगेल का?

ऐरोली_सेक्टर_८
लेखनासाठी पहिलं काम म्हणजे टॅबच्या कीबोर्डमधलं शब्द सुचवणं बंद करा. जीबोर्ड असेल तर सेटिंगमध्ये टेक्स्ट करेक्शन, तिथे सजेशन स्ट्रिप आणि ऑटो-करेक्शन दोन्ही. नाहीतर दोन अक्षरं टाकून मूल वरचा शब्द उचलतं, स्पेलिंग त्याच्या डोक्यात जातच नाही.

दुसरं, मुलाला खरा वाचक हवा. स्टोरीवीव्हरवर शब्द नसलेली चित्रांची पुस्तकं आहेत. एका चित्राला एकाने दोन ओळी लिहायच्या, दुसऱ्याने त्या वाचून पुढच्या चित्राच्या. सगळ्या चुका लाल करू नका, एका वेळी एकच धरा. आणि लिहिलेलं जसंच्या तसं मोठ्याने वाचून त्याच्या आईबाबांच्या फोनवर व्हॉइस मेसेज पाठवा. 'आय गो मार्केट' ताईंच्या आवाजात ऐकलं की मधे काहीतरी राहिलंय हे आमच्याकडची मुलं स्वतःच सांगतात.

दिघ्याची_ताई
पण घरच्या फोनवर सेटिंग बदललं तर बाबा रागावतील ना?

ऐरोली_सेक्टर_८
घरच्या फोनला हात लावू नका. घरी वहीतच लिहू दे, फक्त पानाचा फोटो तुम्हाला पाठवायचा. टायपिंग समाजमंदिरातल्या टॅबवर. गोष्टी मात्र तुमच्या घरून, नेट असेल तिथेच टॅबवर उतरवून न्या.